चेहरा, बोट की पासकोड? तुलना करण्याआधी प्रश्न तपासा

स्मार्टफोन उघडायला काय चांगलं: चेहरा, बोट की पासकोड? या विषयावर लेख, व्हिडिओ आणि सेमिनारच्या स्लाइड्स यांना तोटा नाही. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक तक्ता भेटतो. चार अंकी पासकोड: १०,००० मध्ये १. फिंगरप्रिंट: ५०,००० मध्ये १. चेहरा: १०,००,००० मध्ये १. आणि खाली तयार निष्कर्ष: चेहरा पहिला, बोट दुसरं, पासकोड शेवटचा.

हा तक्ता तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमध्ये टाकणार असाल तर जरा थांबा. यातला एकही आकडा बनावट नाही. तरीही ते एकाखाली एक लिहिले की चुकीचं उत्तर देतात. असं का होतं ते आज बघू. त्यासाठी २०१५ चा एक पेपरही हातात घेऊ. या विषयातला नेमका प्रश्न त्या पेपरने विचारला आहे, पण त्याचं उत्तर मात्र जपून वापरायला हवं.

तीन आकडे, तीन वेगळ्या गोष्टी

पासकोडचा आकडा शुद्ध मोजणीचा आहे. ०००० ते ९९९९ अशा दहा हजार शक्यता, म्हणून १०,००० मध्ये १. लोक चिठ्ठ्या टाकून पासकोड निवडत असते तर हे बरोबर ठरलं असतं. पण लोक जन्मसाल ठेवतात, १२३४ ठेवतात, कीपॅडवरची सरळ उभी रांग ठेवतात. २०११ मध्ये एका आयफोन अ‍ॅपच्या निर्मात्याने त्याच्या अ‍ॅपमध्ये ठेवले गेलेले दोन लाखांहून अधिक चार अंकी कोड मोजले. सगळ्यात लोकप्रिय १० कोडमध्येच सुमारे १५ टक्के लोक सापडले. आता हिशोब करा. चोराला १० प्रयत्न मिळाले, तर तक्त्याप्रमाणे यशाची शक्यता हजारात एक. या डेटाप्रमाणे साधारण सातात एक. (हे कोड एका अ‍ॅपचे होते, फोनच्या लॉकचे नव्हते, हेही नोंदवून ठेवा. असा डेटा वापरताना ही ओळ गाळायची नाही.)

बोट आणि चेहरा यांचे आकडे अ‍ॅपलने दिलेले आहेत. त्यांचा अर्थ असा: लोकसंख्येतून कुणीही एक अनोळखी माणूस उचलला आणि त्याने आपलं बोट किंवा चेहरा तुमच्या फोनपुढे धरला, तर फोन उघडण्याची शक्यता किती? इथे समोरच्याने काहीही तयारी केलेली नाही, हे गृहीत आहे. शिवाय ५०,००० मध्ये १ हा आकडा एकाच नोंदवलेल्या बोटाचा. पाच बोटं नोंदवली तर अ‍ॅपलच्याच कागदपत्रांप्रमाणे तो १०,००० मध्ये १ पर्यंत येतो. म्हणजे थेट चार अंकी पासकोडच्या ओळीत! चेहऱ्याच्या बाबतीतही जुळी भावंडं, एकमेकांसारखी दिसणारी भावंडं आणि १३ वर्षांखालची मुलं यांच्यासाठी शक्यता वाढते, हे कंपनी स्वतः सांगते. तक्ता बनवणारा मात्र ही ओळ हमखास गाळतो.

बरं, कुणी तयारी करून आलं तर? त्यासाठी वेगळं माप लागतं: नकली ठसा, फोटो किंवा मुखवटा किती वेळा चालून जातो? अँड्रॉइडचे नियम ही दोन मापं वेगळी ठेवतात. अनोळखी माणसाने योगायोगाने फोन उघडण्याची मर्यादा सगळ्या वर्गांसाठी ५०,००० मध्ये १. पण फसवणुकीचं माप वर्गाप्रमाणे बदलतं. सर्वात बळकट वर्गात ते ७ टक्क्यांपर्यंत, मधल्या वर्गात २० टक्क्यांपर्यंत, आणि त्याहून जास्त असेल तर सर्वात खालचा वर्ग. म्हणजे तक्त्यात ज्यांचा आकडा सारखाच दिसेल असे दोन फोन प्रत्यक्षात अगदी वेगळे असू शकतात. नेदरलँड्समधल्या कन्झुमेंटेनबाँड या ग्राहक संस्थेने ११० फोन तपासून २०१९ मध्ये निकाल दिला, तेव्हा ४२ फोन मालकाच्या नुसत्या फोटोने उघडले होते. चेहऱ्याची खोली मोजणारा सेन्सर आणि नुसता समोरचा कॅमेरा, दोघांनाही आपण ‘फेस अनलॉक’ म्हणतो. तक्त्यात एकच रकाना असतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

‘किंवा’ नाही, ‘आणि’

दुसरी चूक जास्त खोल आहे. तक्ता असं दाखवतो की तीन पर्यायांतून एक निवडायचा आहे. पण बोट किंवा चेहरा नोंदवायला आधी पासकोड लागतो. फोन बंद करून चालू केला, पासकोड मागतो. आयफोनवर पाच वेळा ओळख पटली नाही, पासकोड मागतो. ४८ तास फोन उघडलाच नाही, तरी पासकोडच. म्हणजे पासकोड कुठे जात नाही, तो मागच्या दारासारखा कायम असतो.

मग हल्ला करणारा काय करेल? दोन दारांपैकी जे कच्चं असेल तिथून शिरेल. १२३४ पासकोडवर कितीही महाग सेन्सर बसवला तरी फोनची सुरक्षा १२३४ एवढीच राहते.

मग बोट आणि चेहऱ्याचा उपयोग काय? दोन उपयोग आहेत. एक, चारचौघांत पासकोड टाइप करायची वेळ कमी येते. दोन, पासकोड क्वचितच टाकायचा असल्याने तो लांब आणि अवघड ठेवणं परवडतं. दुसरा मुद्दा ऐकायला पटतो. पण लोक खरंच असं करतात का? ‘पटतं’ आणि ‘तपासलं’ यांच्यामधल्या जागेतच संशोधनाचा प्रश्न असतो.

२०१५ चा पेपर: प्रश्न उत्तम, उत्तर जपून

हाच प्रश्न इव्हान चेरापाऊ आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सूप्स परिषदेत मांडला: टच आयडी वापरणारे लोक पासकोड जास्त भक्कम ठेवतात का? त्यांनी तीन अभ्यास केले: ९० जणांचं समोरासमोर सर्वेक्षण, २१ जणांच्या मुलाखती आणि ३७४ जणांचं ऑनलाइन सर्वेक्षण. उत्तर आलं, नाही. टच आयडी असो वा नसो, लोक बहुतेक करून चार अंकी पिनवरच होते. अंकांऐवजी अक्षरांचा पासवर्डही ठेवता येतो, हे दोन्ही गटांतल्या ३० टक्क्यांहून जास्त लोकांना माहीतच नव्हतं. आणि आपला पासकोड किती सुरक्षित आहे याचा बरोबर अंदाज फक्त १२ टक्क्यांना होता.

पेपरची ताकद मला इथे दिसते. लेखकांनी सेन्सर मोजला नाही, त्याने माणसाच्या सवयीवर काय परिणाम केला ते विचारलं. शिवाय एका सर्वेक्षणावर न थांबता मुलाखतींनी ‘का’ शोधलं. फक्त आकडे असते तर ‘लोक आळशी आहेत’ असा सोपा निष्कर्ष निघाला असता. मुलाखती आणि दुसऱ्या सर्वेक्षणामुळे कळलं की अनेकांसमोर पर्याय आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

आता मर्यादा. तुम्ही हा पेपर उद्धृत करणार असाल तर या तीन लक्षात ठेवा.

एक, ‘फरक आढळला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं नव्हे. गटांचा आकार लहान असेल तर लहान परिणाम हातातून निसटू शकतो. उद्धृत करताना “टच आयडीमुळे पासकोड सुधारत नाही” असं ठोकून लिहू नका. “या नमुन्यात सुधारणा आढळली नाही” असं लिहा. व्हायव्हात हे एक वाक्य वाचवतं.

दोन, कोण टच आयडी वापरेल हे लोकांनी स्वतः ठरवलेलं होतं, संशोधकांनी नाही. सुरक्षेबद्दल मुळात निष्काळजी असलेला माणूस सोयीसाठी बोट नोंदवतो, असं असेल तर दोन गट आधीपासूनच वेगळे. मग सारखा निकाल आला तरी त्यामागे दोन विरुद्ध परिणाम एकमेकांना खात असतील.

तीन, काळ. अभ्यास झाला तेव्हा आयफोन नव्या वापरणाऱ्याकडून चार अंक मागायचा. २०१५ मध्येच आलेल्या आयओएस ९ पासून सहा अंक मागायला लागला. लोक बहुतेक वेळा समोर येईल ते घेतात, म्हणून हा बदल लहान नाही. पण सहा अंक म्हणजे आपोआप सुरक्षा, असंही समजू नका. मार्कर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की प्रयत्नांची संख्या मर्यादित असेल तर लोकांनी निवडलेले सहा अंक चार अंकांपेक्षा फारसे सरस ठरत नाहीत. कारण सोपं आहे: १२३४ चा माणूस १२३४५६ वर जातो.

कोणापासून?

इतकं झाल्यावर मूळ प्रश्न पुन्हा वाचा: ‘काय चांगलं?’ त्यात एक शब्द कमी आहे. कोणापासून?

रिक्षात विसरलेला फोन अनोळखी माणसाला सापडला, तर चेहरा किंवा बोट उत्तम. तक्ता फक्त याच माणसासाठी बनलेला आहे.

लोकलमध्ये खांद्याला खांदा लावून उभा असलेला माणूस वेगळा. त्याच्यासमोर चेहरा आणि बोट जिंकतात, कारण बघून चोरण्यासारखं काही उरत नाही. अ‍ॅडम अविव्ह आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात सहा अंकी पिन एकदा पाहून १०.८ टक्के वेळा ओळखता आला. सहा ठिपक्यांचा रेषा दिसणारा पॅटर्न ६४.२ टक्के वेळा! या यादीत पॅटर्न वापरणारे कुणी असाल तर हा आकडा दोनदा वाचा. गंमत म्हणजे हारबाख आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या महिनाभराच्या अभ्यासात लोकांना मागून कुणी बघण्याची भीती ३,४१० पैकी फक्त ११ प्रसंगांत महत्त्वाची वाटली होती. धोका कमी आहे की जाणवत कमी आहे? आणि विरारच्या गाडीत विचारलं असतं तर हेच उत्तर आलं असतं का? घ्या, प्रबंधाचा विषय.

पासकोड पाहून मग फोन हिसकावणाऱ्या चोरांच्या बातम्या अमेरिकेत आल्यावर अ‍ॅपलने जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ मध्ये नवी सोय दिली. ती चालू असेल तर नेहमीच्या जागेबाहेर काही महत्त्वाच्या कामांना पासकोड चालतच नाही, चेहरा किंवा बोटच लागतं. मागचं दार कच्चं आहे, हे कंपनीने कृतीतून मान्य केलं.

तिसरा माणूस घरातला किंवा हॉस्टेलच्या खोलीतला. तुम्ही झोपलेले असताना तुमचं बोट सेन्सरवर टेकवणं अवघड नाही. इथे क्रम उलटतो, पासकोड वर येतो. ज्या व्यक्तीला जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या पाळतीची भीती आहे, तिला ‘चेहरा सर्वात सुरक्षित’ असं तक्ता दाखवून सांगणं धोक्याचं आहे.

चौथा, सरकार. स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध काठी काळू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की आरोपीकडून अंगठ्याचा ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. पण शरीर देणं आणि डोक्यातली माहिती सांगणं यातला फरक आजच्या पासकोडच्या वादात जसाच्या तसा उभा आहे.

आणि पाचवे, तुम्ही स्वतः. विटा, सिमेंट, धुणीभांडी यांत ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांना सेन्सर वारंवार नाकारतो. मालकालाच बाहेर ठेवणारं कुलूप कितीही मजबूत असलं तरी त्याचा उपयोग नाही.

मग लिहायचं काय?

सिनॉप्सिसमध्ये ‘तीन पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास’ असं लिहिलंत तर समितीतलं कुणीतरी विचारेलच: कशाच्या आधारे तुलना? त्याऐवजी तीन गोष्टी बांधून घ्या: हल्ला कोण करतो, त्याला किती प्रयत्न मिळतात, आणि मागचा पासकोड कसा आहे. उदाहरणार्थ, “फिंगरप्रिंट वापरणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, सोबत राहणाऱ्या व्यक्तीला पासकोड माहीत असण्याची शक्यता लक्षात घेऊन तो बदलतात का?” हा प्रश्न लहान आहे, पण त्याला उत्तर मिळू शकतं.

एक सूचना. अशा सर्वेक्षणात कुणाचाही प्रत्यक्ष पासकोड मागू नका. फक्त लांबी आणि प्रकार विचारा, आणि नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या.

आणि स्वतःच्या फोनचं? माझं मत विचाराल तर बोट किंवा चेहरा ठेवा, पण त्यामागचा पासकोड तारीख नसलेला आणि लांब ठेवा. नको तेव्हा बायोमेट्रिक बंद कसं करायचं तेही आजच शिका. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर याला ‘लॉकडाउन’ म्हणतात. सेटिंगमध्ये शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.