हुंकार देणारे : 'तिलिस्म-ए-होशरुबा' आणि तिचे रसिक

गोष्ट सांगणाऱ्याला आपल्याकडे हुंकार लागतो. ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचे थांबवले की आजी गोष्ट थांबवते. पोर झोपले असे समजते. हा हुंकार म्हणजे होकार नव्हे आणि दादही नव्हे. मी इथे आहे, पुढे चल, एवढाच त्याचा अर्थ. प्रस्तुत लेखात ज्या ग्रंथमालेचा विचार करायचा आहे, ती अशा हुंकारावर उभी राहिली आणि हुंकार देणारे संपल्यावर आडवी झाली. 'दास्तान-ए-अमीर हमजा' हे तिचे नाव, आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा तिचा सर्वांत लाडका भाग. अद्भुत आणि विनोद यांची इतकी लांब, इतकी खोडकर सांगड भारतीय भाषांत दुसरी नसावी असे माझे मत आहे. तिचे मोल तिच्या रसिकांना वगळून करता येत नाही, हे मला या लेखात दाखवायचे आहे.

जिंतूरच्या माणसाने या विषयात का पडावे? कारण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरी, न्यायालय आणि वरचे शिक्षण यांची भाषा उर्दू होती. हैदराबादला १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ तर सगळे विषय उर्दूतून शिकवत होते. घरात मराठी बोलणारा आणि कागद उर्दूत वाचणारा माणूस ही मराठवाड्यातली दोन-तीन पिढ्यांची नेहमीची गोष्ट होती. उर्दू करमणुकीचे वाङ्मय अशा माणसाला परके नव्हते. मी स्वतः ती लिपी चाळिशी उलटल्यावर, जुने कागद वाचता यावेत म्हणून शिकलो. कागदांच्या मागोमाग दास्तान आली.

मालेचा पसारा

अमीर हमजा हे पैगंबरांचे चुलते, इतिहासातले पुरुष. दास्तानीतल्या हमजाचा त्या इतिहासाशी नावापुरता संबंध आहे. हा हमजा देवांशी, म्हणजे फारसी अर्थाने राक्षसांशी, लढतो, पऱ्यांच्या मुलखात अडकतो, जादूगारांचे किल्ले फोडतो. मूळ कथा फारसीत तोंडोतोंडी वाढली. उर्दू गद्यात ती खलील अली खान अश्क यांनी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी १८०१ मध्ये आणली. पुढे लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने दास्तान सांगणाऱ्यांनाच लिहायला बसवले. १८८३ पासून पुढच्या तीसेक वर्षांत या मालेचे ४६ जाडजूड खंड निघाले. त्यातले 'होशरुबा'चे सात. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांचे. नंतर त्यांचे आणि छापखान्याचे बिनसले आणि उरलेले अहमद हुसेन कमर यांनी लिहिले.

दास्तानीची चार अंगे सांगतात : रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे दरबारी मैफल, तिलिस्म म्हणजे जादूने रचलेले जग आणि अय्यारी म्हणजे सोंगे घेऊन केलेली फसवेगिरी. पहिली दोन अंगे शोभेची आहेत. तिसरे अद्भुत पुरवते, चौथे हसू. 'होशरुबा'त तिसऱ्या-चौथ्याने पहिल्या दोघांना कोपऱ्यात बसवले आहे. कथेचा नायक हमजा आहे हे वाचताना आठवावे लागते. समोर सतत असतो तो त्याचा अय्यार अमर.

अमर अय्यार

अमर हा उंटवाल्याचा मुलगा. हमजाच्या जन्माच्या दिवशीच त्याचा जन्म. त्या दिवशी जन्मलेल्या मुलांना बक्षीस मिळणार म्हणून हे पोर वजीर बुजुर्जमेहरच्या हातात दिले जाते. वजीर त्याचे भविष्य पाहत असतो आणि पोर त्याच्या बोटातली अंगठी लंपास करते. शोधाशोध होते, अंगठी पोराच्या तोंडात सापडते. पुढच्या हजारो पानांचा अमर या एका प्रसंगात आहे.

तो भित्रा नाही, पण लढणे त्याला खुळेपणाचे वाटते. त्याच्याजवळ जंबील नावाची झोळी आहे. तिच्यात शहरेच्या शहरे मावतात. शत्रूचा खजिना, तंबू, कैदी, सगळे तिच्यात जाते. अंगावर घेतले की माणूस दिसेनासा होतो असे पांघरूण आहे, वाटेल ते उचलणारे जाळे आहे. आणि एवढे असून अमर सदानकदा आपण किती दरिद्री आहोत याचे रडगाणे गात असतो. जादूची वस्तू नायकाला थोर करते हा अद्भुताचा नेहमीचा नियम. इथे ती त्याला अधिकच चिक्कू करते. विनोद नेमका इथे आहे. अद्भुत वस्तू अमर्याद, आणि तिला धरणारा हात अगदी आपल्या शेजाऱ्याचा.

शत्रूपक्षही तसाच. जादूगारांचा बादशहा अफरासियाब याच्याकडे सामरीचा ग्रंथ आहे. तो उघडला की कुठे काय चालले आहे ते कळते. तरी तो पुनःपुन्हा फसतो, कारण ग्रंथ उघडेपर्यंत अमर आपले काम उरकून गेलेला असतो. सर्व माहिती दप्तरात आणि काम मात्र बुडालेले, हा प्रकार ज्याने कचेरी पाहिली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. लका नावाचा एक स्वयंघोषित देव आहे. दाढीत रत्ने ओवलेला. पराभव झाला की तो सांगतो, हे मीच नशिबात लिहिले होते. त्याचा सैतान बख्तियारक बाजूला उभा राहून त्याची खिल्ली उडवतो. सत्तेच्या तोंडची भाषा इतकी अचूक पकडणारा विनोद मराठीत मी कमी वाचला आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने १९८३ ते २०१५ या काळात 'डिस्कवर्ल्ड' नावाची ४१ कादंबऱ्यांची विनोदी अद्भुतमाला लिहिली. तिच्यात असंख्य पायांवर धावणारी, काहीही गिळणारी एक पेटी आहे. जंबीलची ही लांबची बहीण मानायला हरकत नाही. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मला म्हणायचे नाही. अद्भुताची थट्टा करायची तर घरातली साधी वस्तू हातात घ्यावी लागते, हे दोघांनाही उमगले. प्रॅचेटचे वाचक १९९६ पासून मेळावे भरवतात, पात्रांचे वेष करून येतात. एकट्याने हसून भागत नाही, हे त्यांनाही कळलेले दिसते.

रसिकांची साक्ष

दास्तानीच्या रसिकांत अकबर बादशहा पहिला. त्याने 'हमजानामा'ची सुमारे १,४०० चित्रे कापडावर काढून घेतली. दोन फुटांहून उंच असलेल्या या चित्रांच्या मागे मजकूर होता. चित्र समोरच्यांना दाखवायचे आणि मागून वाचायचे, अशी योजना असावी असे अभ्यासक मानतात. पिंगुळीचे चित्रकथी पाहिलेल्या माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. अकबर नुसता ऐकत नसे, स्वतः ही गोष्ट सांगतही असे. मला हे महत्त्वाचे वाटते. खऱ्या रसिकाला ऐकून समाधान होत नाही. त्याला दुसऱ्याला ऐकवायचे असते.

दुसरी साक्ष मिर्झा गालिब यांची. मीर मेहदी मजरूह यांना लिहिलेल्या एका पत्रात ते आनंदाने कळवतात की हमजाची दास्तान हाती आली आहे, 'बोस्तान-ए-खयाल'ही आले आहे, घरात दारूही आहे. दिवसभर वाचायचे आणि रात्रभर प्यायचे. उर्दूतला सर्वांत अवघड कवी ही बातमी पोराच्या उत्साहाने मित्राला देतो. ग्रंथ मिळाल्याचा आनंद मित्राला कळवल्यावरच पुरा होतो.

तिसरी प्रेमचंदांची. वयाच्या तेराव्या वर्षी गोरखपूरला ते एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसून कादंबऱ्या वाचत. दुकानदाराच्या गाइडांच्या प्रती शाळेत विकून द्यायच्या आणि मोबदल्यात पुस्तके घरी न्यायची. याच काळात 'होशरुबा'चे अनेक खंड त्यांनी संपवले. हिंदी वास्तववादाचा पाया घालणारा लेखक या जादूगारांच्या संगतीत वाढला, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाने जेवढ्यास तेवढी नोंदवली आहे. तिच्यावर विचार फारसा केला नाही.

आणि उलट बाजूची साक्ष मीर बाकर अली यांची. दिल्लीचे हे अखेरचे मोठे दास्तानगो १९२८ मध्ये वारले. शेवटच्या काळात ते सुपारी विकत. कला तीच होती, स्मरण तेच होते. बैठक उठली होती.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पुनरुक्तीचा. अय्यार सोंग घेतो, शत्रूला बेशुद्ध करतो, त्याची दाढी-मिशी भादरतो, निघून जातो. चाळीस पानांनी हेच पुन्हा. एकट्याने वाचताना कंटाळा येतो, हे खरे आहे. मलाही दुसऱ्या खंडात आला. पण हा दोष पुस्तकाचा की वाचण्याच्या रीतीचा? गणपाठोपाठ गवळण येणार, गवळणीत मावशी येणार आणि काय बोलणार, हे तमाशाच्या प्रेक्षकाला पाठ असते. तो मावशी दिसायच्या आधीच हसू लागतो. पुढे काय होणार हे माहीत असणे ही तिथे रसिकाची मिळकत आहे. अमर हा या अर्थाने सोंगाड्या आहे. चार माणसांत मोठ्याने वाचला की तो जिवंत होतो. मी स्वतः काही प्रकरणे मित्रांना वाचून दाखवली, तेव्हा ज्या जागी मी पाने उलटली होती तिथेच हशा झाला. म्हणून 'होशरुबा'ला कादंबरीच्या मापाने मोजणे मला गैर वाटते. ते बैठकीचे वाङ्मय आहे. छापखान्याने त्याला फक्त कागद दिला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दास्तानीत हरलेल्या जादूगाराला दोनच वाटा असतात : हमजाचा धर्म स्वीकारणे किंवा मरणे. रझाकारांचा काळ ज्या जिल्ह्याने भोगला, तिथल्या माणसाने यावर हसावे का? हा प्रश्न टाळून या ग्रंथाचे कौतुक करणे मला अप्रामाणिक वाटते. ती चौकट ग्रंथात आहे, आणि अमरच्या थट्टेत पुष्कळदा निव्वळ क्रौर्यही आहे. तरी दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. एक, विनोद त्या चौकटीत राहत नाही. अमर स्वतःच्या पक्षाच्या सरदारांनाही लुबाडतो आणि हमजालाही टोमणे मारतो. चढा आवाज कुणाचाही असो, तो खाली आणतो. दुसरी, ही माला हिंदू प्रकाशकाने छापली आणि प्रेमचंदांसारख्या हिंदू मुलांनी वाचली. त्यांना त्या चौकटीपेक्षा झोळी मोठी वाटली. वाचक ग्रंथातून काय उचलतो हे ग्रंथ ठरवत नाही. १९४८ नंतर आपण उर्दूला जुलमाची भाषा म्हणून बाजूला केले. त्या रागाची कारणे खरी होती, पण त्या रागात अमरही गेला, आणि तो तर सगळ्या जुलमी माणसांची दाढी भादरणारा होता.

मराठीत काय आले, काय राहिले

उर्दूतून मराठीने गझल घेतली. निलंग्याला जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींसारख्या विद्वानांनी गालिब मराठी वाचकाच्या घरात आणला. दास्तानीच्या वाट्याला असा पाहुणचार आला नाही. याचे एक कारण आपल्या घरच्या विभागणीत आहे. आपल्या १९ व्या शतकातल्या अद्भुत कादंबऱ्या, उदाहरणार्थ १८६१ ची 'मुक्तामाला', नीतीचा धडा हातात घेऊन आल्या. विनोद श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून वेगळ्या दारातून आला आणि त्याने समाजसुधारणेचे काम पत्करले. दोघांची गाठ पडली ती रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' यांसारख्या बालनाट्यांत. हसरे अद्भुत मुलांसाठी, हे आपण तेव्हापासून गृहीत धरले. मोठ्यांसाठी तमाशा होता, पण त्याला आपण बराच काळ वाङ्मय म्हटले नाही.

हिंदीत वेगळे घडले. देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये 'चंद्रकांता' आणली. अय्यार आणि तिलिस्म उर्दू दास्तानीतले ठेवले. जादू काढून तिथे यंत्रे आणि युक्त्या बसवल्या. ती वाचता यावी म्हणून उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात वाचक घडवण्याचे हे श्रेय खत्रींना दिले आणि त्याच दमात या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीबाहेर ठेवले. मला हा निवाडा नेहमी विचित्र वाटत आला आहे. हजारो लोकांनी ज्यासाठी नवी लिपी शिकली, ते साहित्य नाही, तर साहित्य म्हणजे काय? १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागली तेव्हा आमच्या भागातली पोरे क्रूरसिंगाचे 'यक्कू' दिवसभर एकमेकांना ऐकवत होती. त्यांच्या आजोबांच्या पिढीला अय्यार हा शब्द ठाऊक होता. मधली पिढी मात्र तो विसरून गेली होती.

मराठवाड्यात उर्दू वाचणारे अलीकडे पुन्हा शोधले गेले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद तपासायला जाणकार लागले. जात आणि जमीन यांच्यासाठी लिपी लागते हे आपल्याला कळले, ते योग्यच झाले. पण जिने खासरा आणि फैसले लिहिले, तिनेच अमरची झोळीही लिहिली आहे. 

माझी सूचना लहान आहे. सात खंडांच्या भाषांतराचे संकल्प कुणी सोडू नयेत. ते पुरे होत नाहीत. जिथे उर्दू वाचणारा एक वृद्ध आणि मराठी लिहिणारा एक तरुण आहे, तिथे दोघांनी एक प्रकरण घ्यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने ते बोली मराठीत उतरवावे, आणि छापण्याआधी दहा माणसांत मोठ्याने वाचून पाहावे. २००५ पासून महमूद फारुकी आणि त्यांच्या साथीदारांनी दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली, तिला तरुण श्रोते मिळाले. शमसुर्रहमान फारुकी यांनी त्याआधी कित्येक वर्षे हे खंड जमवले, अभ्यासले. त्यांचे संशोधन आणि ही बैठक एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. मराठीत भाषांतर चांगले उतरले की नाही, हे समीक्षकाला विचारण्याची गरज पडणार नाही. वाचणारा मध्येच थांबला आणि कुणी 'हूं, मग?' म्हटले, तर ते उतरले असे समजावे.