ग्रॅहम ग्रीन यांची ‘द क्वाएट अमेरिकन’ आणि व्हिएतनामचे युद्ध

ग्रॅहम ग्रीन यांची ‘द क्वाएट अमेरिकन’ ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेच्या लढाऊ सैन्याची पहिली तुकडी दा नांगच्या किनाऱ्यावर उतरली. हा कालक्रम पाहून या कादंबरीस भविष्यवाणीचा मान देण्याची प्रथा पडली आहे. परंतु या गौरवामुळे तिचे खरे सामर्थ्य झाकले जाते, असे आम्हांस वाटते. ग्रीन भविष्य वर्तवीत नाहीत. एखादे राष्ट्र सद्‌हेतू बाळगूनही दूरच्या युद्धात कोणत्या मनोव्यापाराने ओढले जाते, याचे ते निदान करतात.

कथानक फ्रेंच राजवटीच्या अखेरच्या वर्षांतील सायगावमध्ये घडते. निवेदक फौलर हा उतारवयाकडे झुकलेला इंग्रज वार्ताहर, तर पाइल हा अमेरिकन आर्थिक मदत मंडळातील तरुण. पाइल सभ्य आहे, धीट आहे, निःस्वार्थीही आहे. त्याच्या मनातील व्हिएतनाम मात्र यॉर्क हार्डिंग नावाच्या कल्पित ग्रंथकाराच्या पुस्तकांतून आलेला आहे. पूर्वेस वसाहतवाद नको आणि साम्यवादही नको, तिला ‘तिसरी शक्ती’ हवी, हे त्या पुस्तकांचे सूत्र. सूत्र आधी ठरले आणि त्यात बसणारा माणूस मागाहून शोधला गेला. तो माणूस म्हणजे जनरल थे. पाइलच्या मदतीतून त्याच्या हाती स्फोटक द्रव्य पडते आणि गजबजलेल्या चौकात निरपराध माणसे मरतात. पाइलच्या बुटास रक्त लागते; मंत्र्यांच्या भेटीपूर्वी बूट पुसून घेतले पाहिजेत, असे तो म्हणतो. सूत्रापुढे माणूस दिसेनासा होतो, तो असा.

त्रिन्ह मिन्ह थे या नावाचा सेनानी खरोखरच होऊन गेला, आणि जानेवारी १९५२ मधील सायगावच्या स्फोटांमागे त्याचा हात होता असे सामान्यतः मानले जाते. त्यांत अमेरिकेचा सहभाग असल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि कादंबरीचे सत्य या एका तपशिलावर अवलंबून नाही. ७ एप्रिल १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आग्नेय आशियाचे वर्णन करताना डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमा वापरली: एक पडली की पुढच्या पडणारच. या उपमेत सर्व सोंगट्या सारख्या असतात. सोंगटीस स्वतःचा इतिहास नसतो. हो चि मिन्ह यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा करताना अमेरिकेच्याच जाहीरनाम्याचा आधार घेतला होता. पण साम्यवादापुढे राष्ट्रवाद वाचण्याची या धोरणाला दृष्टीच नव्हती. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेने १९५६ साठी ठरविलेल्या निवडणुका दक्षिणेने नाकारल्या, तेव्हा अमेरिकेने त्या नकारास पाठिंबा दिला. प्रथम पैसा, मग सल्लागार, अखेर सैन्य, अशी प्रत्येक पायरीच्या अपयशाने पुढची पायरी अपरिहार्य ठरविली. १९६८ मध्ये तेथे ५ लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. ५८ हजारांहून अधिक अमेरिकन या युद्धात मेले. व्हिएतनामी मृतांची गणती लाखांत करावी लागते. माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात त्या देशाचा इतिहास आणि तेथील राष्ट्रवाद आपणांस उमगला नाही, अशी कबुली दिली.

या निदानाचा सबळ पुरावा विरुद्ध बाजूनेच पुरविला. १९५८ साली जोसेफ मँकिविच यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला आणि तिचा अर्थच उलटा केला. चित्रपटातील अमेरिकन तरुण निर्दोष ठरतो, तर फौलर साम्यवाद्यांच्या कारस्थानास फसलेला दिसतो. शेवटी दक्षिण व्हिएतनामची जनता व तिचे निर्वाचित अध्यक्ष यांचे आभार पडद्यावर झळकतात. ते अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम नोव्हेंबर १९६३ मध्ये, अमेरिकेच्या मूक संमतीने झालेल्या लष्करी उठावात मारले गेले! वास्तव सूत्रास बाध आणू लागले की सूत्र न बदलता वास्तवच बदलून सांगायचे, हे जे पुढे राज्यकर्त्यांनी केले, ते चित्रपटाने आधीच करून दाखविले.

असे असले तरी ग्रीन यांची दृष्टीही निर्दोष नाही. ज्या फुआँगसाठी पाइल आणि फौलर यांच्यात स्पर्धा चालते, तिच्या मनात काय आहे हे आपणांस अखेरपर्यंत कळत नाही. पाइल तिला उद्धाराचा विषय मानतो, फौलर विसाव्याचा. हा दोष निवेदकाचा आहे, लेखकाचा नव्हे, असे समर्थन करता येईल. किंबहुना फौलरचे आंधळेपण ग्रीन यांस ठाऊक असावे, अशा खुणाही कादंबरीत आहेत. परंतु ज्या भूमीवर युद्ध झाले तेथील एकाही व्यक्तीस कादंबरी पूर्ण अंतरंग देत नाही, ही उणीव त्या समर्थनाने भरून निघत नाही.

म्हणून या कादंबरीचा अभ्यास करताना पाइलकडे बोट दाखवून थांबणे पुरेसे नाही. परक्या देशाविषयीचे आपले ज्ञान कोणत्या हार्डिंगच्या पुस्तकांतून आले आहे, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम स्वतःस विचारावा. ग्रीन यांच्या कादंबरीचा खरा धाक त्या प्रश्नात आहे.