बॅटरीवरचा आकडा आणि रॉकेटचा हिशेब

‘उड्डाण दोनच मिनिटांचे, म्हणून लहान बॅटरी पुरे.’ हौशी रॉकेट बनवणारे विद्यार्थी बॅटरी निवडताना असे सहज म्हणतात. आम्हांला हा विचार सदोष वाटतो. परिपथ उड्डाणापूर्वीच तासभर चालू असतो. नाशिकजवळच्या एखाद्या द्राक्षबागेत उतरलेले रॉकेट शोधायला आणखी दोन तास लागू शकतात. उंचीमापक आणि स्थानदर्शक मिळून ११० मिलिअँपिअर धारा घेत असतील, तर तीन तासांत ३३० मिलिअँपिअर-तास खर्च होतील. राखीव धरून ५०० हवेत.

दुसरी चूक याहून मोठी. पॅराशूट सोडणाऱ्या प्रज्वलकाला सेकंदभर २ अँपिअर लागले, तर खर्च जेमतेम अर्धा मिलिअँपिअर-तास. पण बॅटरीचा अंतर्गत रोध २ ओहम असेल, तर ९ पैकी ४ व्होल्ट आतच खर्ची पडतात. परिपथ बंद पडू शकतो, आणि मग पॅराशूट उघडत नाही. हंडा भरलेला, पण तोंड अरुंद!

१९५७ च्या स्पुटनिकच्या ८३.६ किलोग्रॅम वजनात सुमारे ५१ किलोग्रॅम बॅटरीच होती. म्हणून त्याचे संदेश सुमारे तीन आठवडे ऐकू आले.

परीक्षक शिक्षकांनी केवळ रॉकेटची उंची पाहू नये. धारा गुणिले वेळ हा हिशेब आणि भार जोडून मोजलेले विभवांतर प्रकल्पवहीत आहे का, हेही तपासावे व त्याला गुण द्यावेत.