रात्री दीडला फोन कोण उचलतं?

अमेरिकेतल्या लहान शहरांच्या रेडिओवरचा कुठलाही टीकात्मक लेख उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात मायनॉट येतंच. नॉर्थ डकोटा राज्यातलं, तेव्हाचं साधारण 36 हजार वस्तीचं शहर. 18 जानेवारी 2002 च्या रात्री 1 वाजून 37 मिनिटांनी शहराजवळ कॅनेडियन पॅसिफिकची मालगाडी घसरली. 112 पैकी 31 डबे रुळांवरून उतरले आणि अमोनियाच्या 5 टाक्या फुटल्या. तापमान उणे 21 अंशांच्या आसपास, हवा थिजलेली. त्यामुळे वायू वर न जाता घरांवर बसून राहिला. एक माणूस दगावला, तीनशेहून जास्त लोकांना इजा झाली. लोकांना सावध करायला पोलिसांनी केसीजेबी या आकाशवाणी केंद्राला फोन लावला, तर तो कुणी उचलेना. मायनॉटमधली 6 व्यावसायिक केंद्रं तेव्हा क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या मालकीची होती आणि रात्री ती बरीचशी यंत्रावर चालत.

समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांच्या 'फायटिंग फॉर एअर' (2007) या पुस्तकाची सुरुवातच या रात्रीने होते. तेव्हापासून हा किस्सा हुकमी पत्त्यासारखा टाकला जातो. केंद्रांनी गावातला स्टुडिओ बंद करून दूरच्या शहरातून प्रसारण करण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "मायनॉट आठवा!"

आठवूया. पण पूर्ण आठवूया. कारण या विषयावरचं लिखाण वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. त्या रात्री मायनॉटमध्ये स्टुडिओ होता. इमारत होती, माइक होता, दिवसा कामाला येणारी माणसंही होती. इतकंच नाही, प्रत्येक केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्याच्या गावाजवळ असलाच पाहिजे, हा अमेरिकेतला जुना नियम तेव्हा पूर्णपणे लागू होता. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तर केंद्रात माणूसही होता, फक्त घाबरलेल्या लोकांच्या फोनमुळे लाइनी अडकल्या होत्या, आणि आपत्कालीन इशारा देण्याच्या यंत्रणेचा पोलिसांकडचा भाग नीट बसवलेलाच नव्हता. कोण किती खरं बोलत होतं ते बाजूला ठेवू. मुद्दा असा की जो नियम रद्द झाला म्हणून हळहळताना मायनॉटचा दाखला देतात, त्याच नियमाच्या राज्यात मायनॉट घडलं.

मग हा नियम नेमका करत काय होता? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत रेडिओचा परवाना 'कंपनीला एक वारंवारता' एवढ्यापुरता नसतो, तो एका गावाच्या नावाने असतो. 1934 च्या दळणवळण कायद्यात परवान्यांची वाटणी निरनिराळ्या गावांमध्ये न्याय्यपणे व्हावी असं लिहिलंय. त्यातूनच फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, यांचा मुख्य स्टुडिओचा नियम आला. ज्या गावाच्या नावाने परवाना, त्या गावाने केंद्राचं दार ठोठावलं तर आत कुणीतरी असावं, ही त्यामागची समजूत.

सुरुवातीला यात काही जाचक नव्हतं, कारण तांत्रिक गरजही तीच होती. स्टुडिओतला आवाज टॉवरपर्यंत न्यायचा म्हणजे टेलिफोन कंपनीची खास तार किंवा समोरासमोर दिसणाऱ्या दोन अँटेनांमधला मायक्रोवेव्ह दुवा. दोन्ही खर्चिक, आणि अंतर वाढलं की आणखी खर्चिक. स्टुडिओ टॉवरच्या आसपास असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. कायदा आणि तंत्र एकाच बाजूला असले की नियम किती मजबूत आहे हे कळतच नाही. तंत्र बदललं तेव्हा ते कळलं.

आणि ते 2017 च्या बरंच आधी बदललं होतं. निम्म्याहून जास्त स्थानिक कार्यक्रम मुख्य स्टुडिओतूनच निघाले पाहिजेत ही अट 1987 मध्येच गेली. 1995 मध्ये केंद्र माणसाविना चालवायला परवानगी मिळाली. 1996 च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती केंद्रं असावीत यावरची मर्यादा उठवली, आणि चाळीसेक केंद्रांची क्लिअर चॅनल काही वर्षांत बाराशेच्या पुढे गेली. 1998 मध्ये स्टुडिओ गावापासून 25 मैलांपर्यंत चालेल असं ठरलं, म्हणजे चार गावांची चार केंद्रं एका छपराखाली. शेवटी उरलं काय? एक खोली, आणि कामकाजाच्या वेळेत हजर असलेले दोन कर्मचारी, त्यातला एक व्यवस्थापक.

हवेत काय जात होतं? 'व्हॉइस ट्रॅकिंग'. निवेदक गाणी वाजवतच नाही. संगणकाकडे गाण्यांची, जाहिरातींची यादी तयार असते. निवेदक फक्त मधली वाक्यं बोलतो: मागच्या गाण्याची शेवटची काही सेकंदं ऐकायची, दोन ओळी बोलायच्या, पुढच्या गाण्याचा सूर सुरू झाला की थांबायचं. चार तासांचा कार्यक्रम अर्ध्या तासात रेकॉर्ड होतो. तोच माणूस दुपारपर्यंत आणखी तीन शहरांचा 'आपला निवेदक' होऊन जातो. गावातल्या जत्रेचं नाव त्याला कागदावर लिहून दिलेलं असतं. (उच्चार चुकला की गाव ओळखतं. कुठल्याही गावात हेच होतं, त्याला अमेरिकाच लागते असं नाही.)

24 ऑक्टोबर 2017 ला एफसीसीने 3 विरुद्ध 2 मतांनी हा नियम रद्द केला. अध्यक्ष अजित पै बाजूने. मिनियन क्लायबर्न आणि जेसिका रोझनवर्सेल विरोधात. जानेवारी 2018 पासून केंद्राला गावात स्टुडिओ ठेवायची गरज उरली नाही. आदेशातला युक्तिवाद वाचायला सोपा आणि बराचसा खराही आहे: स्टुडिओत प्रत्यक्ष येतं कोण? लोक ईमेल करतात, समाजमाध्यमांवर लिहितात. जनतेने पाहायची कागदपत्रं ऑनलाइन आहेत. लहान केंद्रांना भाडं, वीज आणि दोन पगार परवडत नाहीत. तो पैसा वाचला तर कार्यक्रमांवर, बातम्यांवर खर्च करता येईल.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. 'खर्च करता येईल' आणि 'खर्च करावा लागेल' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आदेशात पहिलं आहे, दुसरं कुठेही नाही. नियम काढून घेताना त्या बदल्यात मागितलं काय? एक स्थानिक किंवा टोल-फ्री फोन नंबर, जो कामकाजाच्या वेळेत कुणीतरी उचलेल. कामकाजाच्या वेळेत! मायनॉटची गाडी रात्री दीडनंतर घसरली होती. पंधरा वर्षांनंतरही त्या वेळी फोन उचलण्याची जबाबदारी कुणावर आहे, याचं उत्तर ना जुन्या नियमात सापडतं ना नव्या.

आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा तर कायम आहे ना, असं उत्तर मिळतं. आहे. ती म्हणजे प्रसारणाच्या साखळीत बसवलेली एक पेटी. वरून आलेला इशारा ती आपोआप पुढे पाठवते. पण 'पुलाच्या कुठल्या बाजूने बाहेर पडू?' या प्रश्नाला पेटी उत्तर देत नाही.

विरोधकांचाही हिशेब चुकतो तो इथेच. त्यांनी इमारत वाचवायचा प्रयत्न केला. 2005 च्या कतरिना वादळाचं उदाहरण घ्या. न्यू ऑर्लिन्समधली बहुतेक केंद्रं बंद पडली. मग डब्ल्यूडब्ल्यूएल आणि क्लिअर चॅनलची तिथली केंद्रं एकत्र आली आणि 'युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स' या नावाने सुमारे 130 किलोमीटरवरच्या बॅटन रूजमधून प्रसारण सुरू केलं. स्टुडिओ क्लिअर चॅनलचा, म्हणजे मायनॉटवाल्या त्याच कंपनीचा. व्याख्येने हे दूरस्थ प्रसारणच! तरी ते लोकांच्या कामी आलं, कारण माइकसमोर न्यू ऑर्लिन्सची माणसं होती. फोन करणारा कुठल्या रस्त्यावर अडकलाय, हे त्यांना नकाशा न बघता कळत होतं.

म्हणजे मायनॉटमध्ये स्टुडिओ होता आणि आवाज पोचला नाही. न्यू ऑर्लिन्सचा स्टुडिओ दुसऱ्या शहरात होता आणि पोचला. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की स्टुडिओची भिंत हा फक्त एक मापक होता हे दिसतं. 'गाव ओळखणारा, गावाला ओळखीचा माणूस' हे कायद्याला मोजता येत नाही, म्हणून त्याने भिंत मोजली. भिंतीचा उपयोग एवढाच की त्या दोन कर्मचाऱ्यांना गावात राहावं लागायचं. ते किराणा तिथेच घ्यायचे, पोलीस ठाण्यातला माणूस त्यांना नावाने ओळखायचा. ही ओळख नियमात कुठेच लिहिलेली नव्हती, ती आपोआप तयार व्हायची. एफसीसीने मापक निकामी झालाय हे बरोबर ओळखलं आणि मोजायचं काही नव्हतंच असं समजून तो फेकून दिला. ही चूक मला जास्त गंभीर वाटते.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या दाराने येतो. खाजगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या 2011 च्या धोरणाने एका कंपनीला आपल्या देशभरातल्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. त्याआधी ती लहान शहरांपुरती आणि एका विभागापुरती होती. बातम्या मात्र आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा. त्यामुळे खाजगी केंद्राकडून गावाने बातमीची अपेक्षा करायची सवयच लागली नाही. सवय होती ती आकाशवाणीची. म्हणून जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय आला तेव्हा ओरड झाली, आणि निर्णय थांबवावा लागला. तेव्हाची चर्चाही बरीचशी 'पुण्याचं केंद्र' या नावाच्या मानाभोवती फिरली. बातमीपत्र वाचलं कुठून जातं यापेक्षा सातारा-सोलापूरच्या वार्ताहराचा फोन कोण घेणार आणि त्याची बातमी कोण ओळखणार, हा प्रश्न मोठा होता. तो फारसा कुणी विचारला नाही.

अमेरिकेत एक नियम अजून शाबूत आहे. दर तासाच्या ठोक्याच्या सुमारास प्रत्येक केंद्राने आपली अक्षरं आणि लगेच परवान्यातल्या गावाचं नाव उच्चारायचं. स्टुडिओ गेला, माणसं गेली, तरी गावाचं नाव दिवसातून 24 वेळा हवेत जातं. आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, संगणक ते वेळेवर लावतो.