जीवरसायनाचा प्रवेशग्रंथ : एका संज्ञेची कसोटी

जीवरसायनाचा प्रवेशग्रंथ निवडताना पृष्ठसंख्या, चित्रे व किंमत यांचा विचार सामान्यतः होतोच. परंतु रसायन, वनस्पतिशास्त्र, गृहविज्ञान अशा भिन्न शाखांचे पदवी विद्यार्थी एकाच वर्गात बसत असतील, तर भाषेच्या अभ्यासकास आणखी एक कसोटी सुचते. ग्रंथातील संज्ञा हे सर्व वाचक एकाच अर्थाने घेतात काय?

‘उच्च-ऊर्जा बंध’ हेच उदाहरण घेऊ. ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंधाची कल्पना फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ साली मांडली आणि पुढे ही संज्ञा रूढ झाली. रसायनाच्या विद्यार्थ्यास बंध-ऊर्जा म्हणजे बंध तोडण्यास लागणारी ऊर्जा. जीवशास्त्राकडून आलेला विद्यार्थी मात्र बंधात साठविलेली व तो तुटताच मुक्त होणारी ऊर्जा असा अर्थ करून बसतो. शब्द एक, अर्थ परस्परविरुद्ध! वस्तुतः एटीपीच्या जलीय विच्छेदनात मुक्त ऊर्जेची जी घट होते, ती समग्र विक्रियेची होय. शेजारच्या ऋण भारांचे प्रतिकर्षण कमी होते आणि निर्माण झालेली द्रव्ये अधिक स्थिर असतात. प्रमाण अवस्थेत ही घट मोलमागे ३०.५ किलोजूल असते. पेशीतील प्रत्यक्ष संहती लक्षात घेता ती बरीच अधिक भरते.

लेनिंजर यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ बायोकेमिस्ट्री’ हा ग्रंथ नेल्सन व कॉक्स यांनी पुढे चालविला. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे, असे तो निःसंदिग्धपणे सांगतो व वरील दोन मूल्यांतील भेदही गणिताने उलगडून दाखवितो. अर्थविवेचनाच्या कसोटीस तो पूर्णपणे उतरतो. क्रमाच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. सातव्या आवृत्तीत (२०१७) ही छाननी तेराव्या प्रकरणात येते; एटीपीची गाठ मात्र पहिल्याच प्रकरणात पडते. रसायनाच्या विद्यार्थ्याचे यात फारसे अडत नाही. इतरांच्या मनात मात्र विपरीत अर्थ मधल्या प्रकरणांत मुरत राहतो, आणि एका सत्राचा अभ्यासक्रम तेथवर पोहोचेलच असे नाही.

म्हणून हा ग्रंथ नेमावा. परंतु तेराव्या प्रकरणातील मुक्त ऊर्जा व एटीपी यांवरील भाग पहिल्या प्रकरणापाठोपाठ शिकवावा. सोयीसाठी एखादे लहान पुस्तक निवडावयाचे झाल्यास प्रथम त्यातील एटीपीचे पृष्ठ उघडून पाहावे. चयापचयाचे गळलेले तपशील मागाहून भरून काढता येतात. आरंभीच रुजलेला चुकीचा अर्थ उपटून काढणे फार कठीण.