परातीत उरलं किती?

शहरातली, पेठेतली पाखरं चरायला जागा कशी निवडतात, हे जाणून घ्यायला तासन्‌तास टक लावून बसावं लागतं असं आपण धरून चालतो. जोएल ब्राऊन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८८ साली मांडलेल्या रीतीत पाखरू दिसलं नाही तरी चालतं. ते उडून गेल्यावर परातीत किती दाणे उरले, एवढंच मोजायचं.

मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ओळखल्या जाणाऱ्या शिरड शहापुरात एखाद्या शाळेने हे करायचं ठरवलं, तर सामान घरचंच: दोन सारख्या पराती, वाळू, मोजून घेतलेली बाजरी आणि बारीक चाळणी. वाळू आधी त्याच चाळणीतून गाळायची, खाली पडेल तीच वापरायची. म्हणजे संध्याकाळी परात चाळणीत ओतली की वाळू खाली जाते, बाजरी वर राहते.

खरी कारागिरी या वाळूत आहे. नुसती बाजरी ठेवली तर चिमण्या, होले ती फस्त करतील आणि आपण होतो तिथेच. वाळूत कालवली की पहिले दाणे पटापट सापडतात, पुढचा प्रत्येक दाणा जास्त उकरायला लावतो. मग कधीतरी ते परवडेनासं होतं आणि पाखरू उठतं.

आता एक परात मेंदीच्या कुंपणाला लागून, दुसरी मैदानाच्या मधोमध. मधल्या परातीत जास्त उरलं तर धास्ती वरची, शिक्र्याची असावी. कुंपणाजवळ जास्त उरलं तर आडोशाला बोका दबा धरत असणार. वैरी दिसलाही नाही आणि त्याची जागा कळली! या प्रयोगातली ही जागा गवयाने घ्यावी तशी आहे.

रब्बीची ज्वारी खळ्यावर आली की मात्र दोन्हीकडे जास्त उरेल. बाहेर फुकट पंगत मांडलेली असताना वाळू कोण उकरणार? ब्राऊनच्या हिशेबात दमणं, जिवाचा धोका आणि दुसरीकडे हुकणारा घास, तिन्ही धरलेत.

दाणे खाल्ले कोणी, हे मात्र परात आपणहून सांगत नाही. मुंग्यांसाठी ती पाण्याच्या थाळीत ठेवता येते. वाळू वरून सपाट केली तर पावलं उमटतात. खारीची दिसली, तर त्या दिवसाचा आकडा वहीत घ्यायचा नाही, कितीही मनासारखा आला असला तरी.