वाचनसंकल्पाची नोंद : कादंबरी आणि चित्रकादंबरी यांच्या मोजमापाचा प्रश्न

प्रस्तावना

वर्षारंभी अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा संकल्प सोडायचा आणि वर्षभर त्याची नोंद ठेवायची, ही प्रथा गेल्या दीड दशकात मराठी वाचकांतही रुळली आहे. 'गुडरीड्स' या संकेतस्थळाने 2011 पासून अशा वार्षिक संकल्पाला जागतिक रूप दिले. महाराष्ट्रात 2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. जानेवारी 2025 मध्ये 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम महाविद्यालयांतून राबविला गेला. अशा उपक्रमांमुळे वाचनाची नोंद ही केवळ वाचकाची खासगी बाब राहिलेली नाही. ती आता महाविद्यालयाच्या अहवालातही येते. म्हणूनच ती नोंद नेमके काय मोजते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखात कादंबरी आणि चित्रकादंबरी हे दोन वाङ्मयप्रकार एकाच संकल्पात आले असता नोंदीपुढे कोणती अडचण उभी राहते, याचा विचार केला आहे. विवेचनासाठी निवडलेल्या कृतींचा सातारा-सांगली परिसराशी निकटचा संबंध आहे. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खंडाळ्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयीन वाचकाला या कृतींतील भूमी परकी नाही. त्यामुळे त्याच्या वाचनाच्या नोंदीत कशाला स्थान असावे, हा प्रश्न येथे अधिक ठळकपणे मांडता येतो.

वाचनाच्या नोंदीची मराठी परंपरा

वाचनाची नोंद ही मराठी साहित्यव्यवहाराला नवी गोष्ट नाही. कवी सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या ग्रंथाला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वाचकाच्या नोंदींना मिळालेली ही सर्वोच्च दर्जाची वाङ्मयीन मान्यता होय. या रोजनिशीचे वैशिष्ट्य असे की, पुस्तक तेथे एकटे येत नाही. ते कोठून हाती आले, कोणी सुचविले, त्याने दुसऱ्या कोणत्या पुस्तकाची आठवण करून दिली, असे धागे त्याच्यासोबत येतात. संख्या हा त्या लेखनाचा विषयच नाही. वाचन ही एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे नेणारी वाट आहे, ही धारणा त्यामागे आहे.

तथापि, ही रोजनिशी जशीच्या तशी विद्यार्थ्यापुढे आदर्श म्हणून ठेवता येणार नाही. ती पुस्तकांच्या सहवासात आयुष्य घालविलेल्या प्रौढ वाचकाची आहे. एस.टी.च्या वेळा सांभाळून ग्रंथालयात तासभर बसणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तेवढा ग्रंथसंग्रह नसतो आणि तेवढी फुरसतही नसते. त्याला आटोपशीर नोंद हवी, हे मान्य करावे लागते. प्रश्न एवढाच उरतो की, आटोपशीर नोंद म्हणजे केवळ आकडा काय?

कादंबरीच्या नोंदीतील असमानता

आकड्याची पद्धत सर्व पुस्तकांना समान मानते. कादंबरीच्या बाबतीतही हे गृहीतक फारसे टिकत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (1955) ही आकाराने लहान कादंबरी आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण शिक्षक येतो, शाळा उभी राहते, तालीम बांधली जाते आणि दुष्काळाने अखेर वस्ती ओस पडते. एवढेच तिचे कथासूत्र होय. कथानकावर नजर ठेवणारा वाचक ती एका दिवसात संपवू शकतो. मात्र माणसे, मेंढरे, माळरान आणि ऋतू यांच्या संथ वर्णनांतून जे साचत जाते, तेच या कादंबरीचे मर्म आहे. घाईने वाचणाऱ्याच्या हाती केवळ दुष्काळाची बातमी लागते.

याउलट वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (1959) वेगानेच वाचावी, अशी तिची घडण आहे. घटनांची चढती भाजणी आणि पोवाड्याशी नाते सांगणारा आवेश वाचकाला थांबू देत नाही. येथे वेग हा वाचनाचा दोष ठरत नाही, उलट तो कृतीला दिलेला उचित प्रतिसाद असतो. याचा अर्थ असा की, वाचनाचा काळ कृतीच्या पृष्ठसंख्येवरून ठरत नाही. तो तिच्या रचनेवरून ठरतो. आकड्यात या दोन्ही कादंबऱ्या 'एक' आणि 'एक' अशाच नोंदल्या जातात.

'भीमायन' आणि डोळ्यांचे वाचन

चित्रकादंबरी संकल्पात आली की ही असमानता अधिक उघड होते. वर्षअखेरीस आकडा गाठण्यासाठी चित्रांची पुस्तके घेणे, हा संकल्पकर्त्यांचा परिचित उपाय आहे. दुसरीकडे, 'चित्रांचे पुस्तक मोजू नये' असा आक्षेपही घेतला जातो. हे दोन्ही दृष्टिकोन वरकरणी परस्परविरोधी असले तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे चित्र वाचावे लागत नाही.

या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी 'भीमायन' (2011) ही कृती विशेष उपयुक्त आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ती रेखाटली असून श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी तिची संहिता सिद्ध केली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आत्मकथनपर लेखनातील प्रसंग हा तिचा आधार होय. पहिल्या भागातील प्रमुख प्रसंग सातारा जिल्ह्यातील आहे. 1901 मध्ये साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांची जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नाकारतात. दुप्पट भाड्यावर गाडी मिळते, पण ती मुलांनाच हाकावी लागते. सोबत खाण्याचे पदार्थ असूनही पाणी न मिळाल्याने रात्र उपाशी काढावी लागते.

हा प्रसंग सांगताना कलावंतांनी पानाचे चौकटीत विभाजन करणे नाकारले आहे. स्कॉट मॅक्लाउड यांनी 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (1993) या ग्रंथात दोन चौकटींमधील रिकाम्या जागेला महत्त्व दिले. ती जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो आणि त्यातून कथन पुढे सरकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 'भीमायन'मध्ये अशी नियमित रिकामी जागाच नाही. गोंड परंपरेतील दिग्ण्याची नक्षी पानावर वळणे घेत जाते आणि नजरेने कोठून कोठे जायचे, हे वाचकाला ठरवावे लागते. संवादांच्या आकृत्यांनाही अर्थ आहे. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते आणि मनातील विचारांना डोळ्याचे चिन्ह असते. म्हणजे शब्द वाचण्याआधीच बोलणाऱ्याची वृत्ती वाचकापर्यंत पोहोचते. ही चिन्हे प्रथम वाचनात जाणवतात, पण त्यांची संगती दुसऱ्या वेळी पाहताना लागते.

सुमारे शंभर पानांचे हे पुस्तक तासाभरात 'संपते' आणि संकल्पात एकाची भर पडते. वस्तुतः ज्याने ते एकदाच पाहिले त्याचे वाचन नुकतेच सुरू झालेले असते. शिवाय या कृतीला कादंबरी म्हणावे काय, हाही प्रश्न आहे. ती चरित्रपर आहे. तिच्यात आरक्षणावरील समकालीन संभाषण येते आणि अलीकडच्या अत्याचारांच्या बातम्याही येतात. कल्पित आणि वास्तव यांचा भेद न करता सर्व चित्रकथनांना 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणण्याची इंग्रजीतील रूढी मराठी नोंदीत जशीच्या तशी उचलली, तर मसूरचा इतिहास काल्पनिक वाङ्मयाच्या रकान्यात जाऊन पडतो. हा दोष केवळ वर्गीकरणाचा नाही. जिल्ह्यात घडलेली गोष्ट जिल्ह्यातील वाचकाने 'कथा' म्हणून विसरून जाण्याची शक्यता त्यातून निर्माण होते.

मूळ ग्रंथाकडे परतण्याची वाट

याच वर्षी प्रसिद्ध झालेली 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' ही श्रीविद्या नटराजन यांच्या संहितेची आणि अपराजिता निनान यांच्या रेखाटनांची कृती महात्मा जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी' (1873) या ग्रंथावर आधारलेली आहे. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातील आणि सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यातील होय. येथील विद्यार्थी ही कृती वाचतो तेव्हा मूळ मराठी ग्रंथ, त्याचे इंग्रजी चित्ररूप आणि स्वतःचा परिसर असे तीन संदर्भ एकत्र येतात. 'गुलामगिरी'ची संवादरूप रचना चित्रकथनाला अनुकूल असल्याचे त्याच्या लक्षात येऊ शकते. मात्र त्यासाठी मूळ ग्रंथ पुन्हा उघडावा लागतो. आकड्याच्या नोंदीत पुनर्वाचनाला जागा नसते. पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचणारा विद्यार्थी तेथे मागे पडलेला दिसतो, जरी त्याचे वाचन सर्वांत फलदायी झालेले असले तरी.

नोंदीचे पर्यायी स्वरूप

आकड्याच्या बाजूनेही काही सांगता येते. वाचनाची सवय नसलेल्या विद्यार्थ्याला लहान, गाठता येईल असे उद्दिष्ट धीर देते. मोठ्या वर्गातील प्रत्येकाचे दीर्घ टिपण तपासणे अध्यापकाला शक्य होत नाही, हेही खरे. म्हणून आकडा काढून टाकण्याची आवश्यकता नाही. त्याच्या शेजारी चार छोटे रकाने असावेत : पुस्तक कोणामुळे हाती आले, वाचन कोठे थांबले किंवा मागे वळले, कोणते एक पान पुन्हा पाहावेसे वाटले आणि का, त्यातून पुढे कोणते पुस्तक शोधले. प्रत्येक रकान्यात एक वाक्य पुरेसे आहे. चित्रकादंबरीसाठी तिसरा रकाना विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण चित्र पाहिले की वाचले, हे त्यातून कळते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकालाही या नोंदीत स्थान असावे. कोणते पुस्तक का सोडले, हे प्रामाणिकपणे सांगणारे वाक्य ही वाङ्मयीन अभिरुचीची पहिली खूण असते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, अशी अपेक्षा आहे. वरील चार रकाने ही भेट झाली की नाही, हे दाखवितात. केवळ आकड्यातून पुस्तक हातातून गेल्याचे तेवढे कळते.

समारोप

वाचनसंकल्प हा वाचकाने स्वतःशी केलेला करार असतो. त्याची नोंद संख्येपुरती राहिली तर जाड कादंबरी टाळली जाते, चित्रकादंबरी भरतीची ठरते आणि पुनर्वाचन निरर्थक भासू लागते. तिन्ही परिणाम वाङ्मयाच्या अध्यापनाला मारक आहेत. 'बनगरवाडी'चा संथपणा, 'फकिरा'चा वेग आणि 'भीमायन'चे चौकट नाकारणारे पान यांची मागणी वाचकाकडून वेगवेगळी आहे. ती मागणी ओळखता येणे, हेच वाचनाचे शिक्षण होय. मसूर स्थानकावरील तहानलेल्या मुलांचे पान उलटताना खंडाळ्यातील एखादा विद्यार्थी क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याला नोंदवहीत जागा असली पाहिजे.